आधी नको, नंतर छापा

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव जवळ आला की पुण्यातल्या आमच्या मित्रांच्या गटावर तोच वाद पेटतो: गायक काय गाणार, हे श्रोत्यांना आधी छापून द्यावं का? एक बाजू म्हणते, नवख्याला काय चाललंय ते कळत नाही, म्हणून तो विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, सुरू झालं की उठून खाण्याच्या स्टॉलकडे जातो. दुसरी म्हणते, राग आधीच जाहीर केला तर मैफलीत उरलं काय! मग मला साक्षीला ओढतात. "तू लंडनला आहेस, सांग यांना, तिकडे लोक कसे शिस्तीत ऐकतात."

साक्ष द्यायला माझ्याकडे कागद आहेत. जुन्या कागदपत्रांच्या बाजारातून मी इथल्या मैफलींच्या कार्यक्रमपत्रिका जमवतो. त्या जमवताना इतिहास वाचत गेलो, तर ही शिस्त उपजत नाही, शिकवलेली आहे, हे कळलं. जॉन एला यांनी १८४५ मध्ये म्युझिकल युनियन ही मैफली भरवणारी संस्था लंडनमध्ये काढली. रचनांवरची टिपणं ते सभासदांना मैफलीआधीच पाठवत, आणि संगीताला सर्वांत मोठी मानवंदना शांततेचीच, असं इटालियन बोधवाक्य पत्रिकेवर छापत. सभासद बडे उमराव. त्यांनाच हे सांगावं लागत होतं! १८५६ पासून लंडनच्याच क्रिस्टल पॅलेस या भव्य काचगृहातल्या मैफलींसाठी जॉर्ज ग्रोव्ह टिपणं लिहू लागले. माणूस पेशाने इंजिनिअर, पण बेथोव्हनच्या सिंफनीतले स्वर छापून ती उलगडून दाखवायचा. १८९५ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये प्रॉम्स, म्हणजे स्वस्त तिकिटांच्या मैफलींची मालिका, सुरू झाले, तिथे खाणंपिणं आणि धूम्रपान चालायचं. विनंती एवढीच, की गाणं चालू असताना काड्या ओढू नयेत. तो हॉल मे १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. पत्रिका मात्र लोकांच्या कपाटांत राहिल्या.

तरीही माझं मत दुसऱ्या बाजूला. बेथोव्हनची सिंफनी आधीच लिहून झालेली असते, म्हणून तिच्यावर टिपण लिहिता येतं. आपला गायक तानपुरे जुळेपर्यंत सभागृहाचा अंदाज घेतो, आधीच्या कलाकाराने काय गायलं ते पाहतो आणि कधी कधी ऐनवेळी बेत बदलतो. ती मोकळीक छापखान्याच्या सोयीसाठी का घालवायची?

पण मैफल संपल्यावर काय अडचण आहे? पत्रिका जमवणाऱ्या पुष्कळांना कोरी करकरीत प्रत हवी असते. मला पेन्सिलीच्या खुणा असलेली आवडते. छापलेलं गाणं खोडून कुणीतरी बाजूला प्रत्यक्ष गायलेलं लिहिलेलं असतं, तेव्हा ती संध्याकाळ खरी वाटते. आपल्या स्मरणिकांत कलाकाराचा फोटो, परिचय, जाहिराती सगळं असतं. त्या रात्री काय गायलं गेलं, तेवढं सोडून. मंडळांनी दुसऱ्या दिवशी एक पान काढावं: राग, बंदिशीचा मुखडा, ताल, साथीदार. मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्यांची नावंही. नवख्याला रेकॉर्डिंग शोधायला तेवढं पुरेल.

हे गटावर लिहिलं तर लगेच उत्तर आलं: मिश्र राग असला तर नाव काय छापायचं, हे कोण ठरवणार? गायकालाच विचारा ना.