अगदी सोपं असतं

फ्रेंच माणूस एखाद्या पदार्थाबद्दल ‘अगदी सोपं असतं’ म्हणाला, की हल्ली मी आधी घड्याळाकडे बघते आणि मग छताकडे. छताकडे का, ते पुढे येईलच.

आम्ही फ्रान्समधल्या ल्यों शहरात राहतो. १९३५ साली क्युर्नोन्स्की नावाच्या खाद्यसमीक्षकाने या शहराला जगाची खाद्यराजधानी ठरवून टाकलं, आणि तेव्हापासून इथे कुणालाही ‘मला स्वयंपाक येत नाही’ असं म्हणायची सोय उरलेली नाही. त्याच्या दोन वर्षं आधी, १९३३मध्ये, इथल्याच यूजेनी ब्राझिये या बाईंनी आपल्या दोन रेस्टॉरंटना मिळून मिशलँ या खाद्य-मार्गदर्शिकेचे सहा तारे मिळवले होते. लहानपणी शेतावर डुकरं राखणारी बाई! म्हणजे ‘आमच्या घरी तसं वातावरण नव्हतं’ ही सबबही गेली. मी मिरजेची. आमच्या घरी वातावरण होतं, पण ते तांबड्या रश्श्याचं.

बिस्त्रोला, म्हणजे साध्या घरगुती खाणावळीला, ल्योंमध्ये बुशाँ म्हणतात. लाल-पांढऱ्या चौकडीचे टेबलक्लॉथ, फळ्यावर खडूने लिहिलेला आजचा बेत, आणि बेतात काय, तर कांद्याचं सूप, उकडलेल्या अंड्यावर मेयोनेज, दूध-सायीत भाजलेलं बटाट्याचं ग्रातँ. कुठे फेस नाही, चिमट्याने ठेवलेली फुलं नाहीत. बिल आलं की नवरा म्हणतो, ‘अगं, यात आहे काय? कांदा आणि पाव!’ आमच्या खालच्या मजल्यावरच्या मादामही म्हणाल्या, ‘घरी करा की. अगदी सोपं असतं.’

यात आहे काय, हाच तर सगळा घोटाळा. आपल्या स्वयंपाकात लपायला जागा असते. आमटी आंबट झाली, गुळाचा खडा टाका. रस्सा पातळ झाला, दाण्याचं कूट आहेच. काहीच जमलं नाही तर वरून इतकं ओलं खोबरं आणि कोथिंबीर पेरा की खाली काय आहे ते कुणी विचारत नाही. कांद्याच्या सूपमध्ये कांदा, लोणी, मीठ. दडणार कुठे?

एक किलो कांदा पातळ उभा चिरायचा, जाड बुडाच्या भांड्यात लोण्यावर टाकायचा आणि मंद आचेवर परतत राहायचं. पुस्तकात लिहितात, पंधरा मिनिटं. हे लिहिणाऱ्याने कांदा दुसऱ्याकडून परतून घेतलेला असावा. पंधरा मिनिटांत कांद्याचा नुसता डोंगर बसतो आणि त्याला पाणी सुटतं. मग पाणी आटतं. मग बराच वेळ काहीही होत नाही. त्यानंतर कडा पिवळ्या पडतात, बुडाला तपकिरी थर धरू लागतो, तो चमचाभर पाणी टाकून लाकडी कालथ्याने खरवडून पुन्हा कांद्यात मिसळायचा. असं पुनःपुन्हा. पाऊण तास, तास, आणि शेवटी किलोभर कांद्याचा वाटीभर, काकवीच्या रंगाचा गोळा उरतो. सासूबाई व्हिडिओ कॉलवर हे बघत होत्या. ‘अगं, एवढ्या वेळात इथे पंगत उठते,’ म्हणाल्या. ‘आच वाढव.’

मोठ्यांचं ऐकावं म्हणून मी आच वाढवली.

आता छत. आमचं घर क्रुआ-रूसच्या टेकडीवर. एकोणिसाव्या शतकात इथे रेशीम विणणारे कानू राहायचे. त्यांचे नक्षी विणणारे जाकारचे माग इतके उंच, की घरांची छतं जवळजवळ चार मीटरवर न्यावी लागली. मागवाले गेले, छतं राहिली, भाडं वाढलं. फ्रान्समध्ये मार्च २०१५पासून प्रत्येक घरात धूर ओळखणारा भोंगा लावणं सक्तीचं आहे. आमच्या घरमालकांनी कायदा अगदी मनापासून पाळला: भोंगा छताच्या मधोमध. तो वाजू लागला तेव्हा नवऱ्याने झाडूचा दांडा घेतला, मग झाडू घेऊन खुर्चीवर चढला, मग खुर्ची टेबलावर ठेवू का म्हणाला. शिडी तळघरात, तळघराची किल्ली कुठेतरी. शेवटी जानेवारीत सगळ्या खिडक्या सताड उघडून आम्ही दोघं अंघोळीच्या टॉवेलने वारा घालत उभे. सासूबाई मोबाईलमधून विचारत होत्या, ‘कुणाकडे लग्न आहे का गं?’

त्या रात्रीपासून अख्ख्या जिन्याला आमचा बेत आधी कळतो.

जो कांदा जमला, त्याचं सूप मात्र खरंच सुरेख होतं. शिळा पाव, वर किसलेलं कोंते चीज, आणि वाडगा थेट ग्रिलखाली. दोन्ही बाजूंना सिंहाची तोंडं असलेले पांढरे पोर्सेलीनचे वाडगे मिळतात इथे. चीज चमच्यापासून तोंडापर्यंत तार सोडतं, आणि ती तार तोडायची सभ्य पद्धत मला अजून कुणी दाखवलेली नाही.

मग मी अंड्याकडे वळले. उकडलेल्या अंड्यावर मेयोनेज हा इतका साधा पदार्थ, की तो मेन्यूवरून नाहीसा होऊ नये म्हणून क्लोद लबे या खाद्यसमीक्षकाने चक्क एक संरक्षण संघटना काढली होती. आपल्याकडे पिठलं बचाव समिती निघाल्याचं ऐकिवात नाही. पिठलं स्वतःची काळजी घेतं.

मेयोनेज घेत नाही. अंड्याचा बलक, चमचाभर डिजाँ मोहरी (म्हणजे बरणीतली वाटलेली, पिवळी), मीठ, आणि मग तेल थेंबथेंब. बलकात लेसिथिन असतं, ते तेलाच्या कणांना धरून ठेवतं. पण घाई केली की त्याची पकड सुटते आणि वाडग्यात पिवळं तेल आणि चोथा वेगवेगळे होऊन बसतात. माझ्या वाडग्यात तसंच झालं. वाडगा घेऊन मी खाली मादामकडे गेले. त्यांनी आत डोकावून बघितलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘तुमचे ते दिवस तर नाहीत ना?’

मी बघतच राहिले. मिरजेत आत्याने याच कारणासाठी मला कैरीच्या लोणच्याच्या बरणीपासून चार हात लांब ठेवलं होतं. त्यावरून मी तिच्याशी कडाकडा भांडले, शिकले, नोकरी केली, व्हिसाच्या रांगेत उभी राहिले, समुद्र ओलांडून आले, आणि इथे मेयोनेज सोवळं पाळतंय! मादाम घाईघाईने म्हणाल्या, की ही त्यांच्या सासूची समजूत, त्यांची स्वतःची नव्हे. पण विचारलेलं बरं. आत्याही अगदी हेच म्हणायची. दोघींची गाठ घालून द्यायला हवी होती. मग मादामनी नव्या वाडग्यात एक बलक घेतला आणि माझं फाटलेलं मेयोनेज त्यात चमचाचमचा फेटत नेलं. सगळं जमून आलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की, बघा, प्रश्न विचारल्याचा फायदा झाला.

बटाट्याची गोष्ट वेगळी. बटाटा आपल्याला येतो, अशी माझी समजूत होती. क्रुआ-रूसच्या बाजारात मी भाजीवालीला म्हटलं, ‘एक किलो बटाटे.’ ती म्हणाली, ‘कशासाठी?’ मी म्हटलं, ‘खायला.’ रांगेतली माणसं हसली. ती हसली नाही. इथे बटाट्यांनाही दहावीनंतर शाखा निवडावी लागते: शार्लोत उकडून सॅलडमध्ये, बिंत्ये तळायला आणि कुस्करायला. हे बिंत्ये नाव हॉलंडमधल्या एका शाळामास्तरांनी आपल्या विद्यार्थिनीवरून ठेवलेलं. ग्रातँसाठी म्हटल्यावर तिने मोनालिसा दिले, आणि वर सांगितलं, ‘चिरल्यावर धुऊ नका हं.’

ही सूचना नसती तर मी नक्की धुतले असते. काचऱ्या करताना बटाटा पाण्यात टाकायचा हे हातात बसलंय. पण इथे तो पांढरा स्टार्चच हवा असतो, त्यानेच दूध आणि साय दाटते. भांड्याला लसूण चोळायची, चकत्या रचायच्या, जायफळ, मीठ, आणि भट्टीत तासाभराहून जास्त. चीज नाही. चीज घातलं तर तो ग्रातँ दोफिन्वा नव्हे, असं दोफिने प्रांतातली जुनी मंडळी सांगतात, आणि आवाज चढवून सांगतात. या पदार्थाची पहिली नोंद १२ जुलै १७८८ची, गाप गावात एका सरदाराने दिलेल्या मेजवानीची. राज्यक्रांतीला जेमतेम वर्ष उरलेलं आणि साहेब बटाट्यावर साय ओतत होते.

त्याआधी चाळीस वर्षं, १७४८मध्ये, याच देशात पॅरिसच्या न्यायमंडळाने बटाट्याच्या लागवडीवर बंदी घातली होती. म्हणे, त्याने कुष्ठरोग होतो. १७७२मध्ये वैद्यांनी निर्वाळा दिला तेव्हा कुठे तो माणसात आला. आपण असल्या चौकशीत पडलोच नाही. परका, जमिनीखालचा, कुळशील ठाऊक नाही, तरी त्याला थेट एकादशीला बसवला.

माझ्या हाताला पहिल्याच फटक्यात जमलेला पदार्थ एकच: कानूंचा मेंदू. घाबरू नका, ते नुसतं नाव आहे, आणि ते गरीब विणकरांना कुणी प्रेमाने दिलेलं वाटत नाही. ताजं, पाणी निथळलेलं पांढरं चीज, त्यात बारीक चिरलेला छोटा कांदा, चाइव्हजची पात, व्हिनेगर, तेल, मिरपूड. पाणी निथळलेलं म्हणजे काय, तर चक्का! चक्का टांगण्यात आमच्या सात पिढ्या गेल्या. साखर आणि वेलची घालायला हात शिवशिवत होता, तेवढा आवरला. मादामनी चाखून ‘वाईट नाही’ म्हटलं. ल्योंमध्ये याहून मोठी पदवी मिळत नाही.

खूश होऊन त्यांनी विचारलं, तुमच्याकडचं रोजचं, साधं काय असतं? मी म्हटलं, वरण-भात. डाळ शिजवायची, हळद, मीठ, वरून तुपाची फोडणी: तूप कडकडीत तापवायचं, त्यात चमचाभर मोहरी टाकायची, तडतडू द्यायची. त्यांनी चष्मा लावून सगळं वहीत उतरवून घेतलं. मी म्हटलं, अगदी सोपं असतं.

संध्याकाळी खालच्या मजल्यावर भोंगा वाजू लागला. मी पळत गेले. दारात मादाम, अ‍ॅप्रनवर, चष्म्यावर, केसांत पिवळे शिंतोडे. मागे भिंतीवर तेच. ओट्यावर डिजाँ मोहरीची बरणी उघडी, आणि चमचा अजून त्यातच उभा.

‘तडतडली,’ त्या म्हणाल्या. ‘आता पुढे काय?’