मोकळी झालीस का?

नाही. नाही झाले. कळा नाहीत, पाणी गेलेलं नाही, आणि पोट खाली उतरलंय की नाही ते मला विचारू नका, मला माझे स्वतःचे पाय दिसून दीड महिना झाला.

आज सकाळपासून हे सातव्यांदा सांगतेय. पहिला फोन सात वाजून दहा मिनिटांनी, ग्वाल्हेरच्या आत्याचा. "काय गं, काही बातमी?" बातमी! मी काय आकाशवाणीचं इंदूर केंद्र आहे? मग देवासहून सासूबाई. मग मामी. मग खाली भाजीवाला, "दीदी, अभी तक नहीं हुआ?" अरे भिया, तू गिलकी तोल ना.

चूक माझीच आहे. डोहाळजेवणाला ओटी भरता भरता कुणीतरी विचारलं आणि मी पंचवीस बायकांसमोर तारीख सांगून टाकली. त्यात ती निघाली नेमकी रंगपंचमी. दुसरी कुठली साधी तारीख असती तर निम्म्याजणी विसरल्या असत्या, पण इंदुरात रंगपंचमी कोण विसरेल? मामाने तर महिनाभर आधीपासून डोकं खाल्लं, की गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, राजवाड्यावरून निघते, सगळे रस्ते बंद असतात, टँकरने रंग उडवतात, त्यात गाडी अडकली तर काय. आम्ही राहतो राजेंद्र नगरला, हॉस्पिटलही याच बाजूला, राजवाड्याचा संबंधच नाही. पण नाही, काळजी. रंगपंचमी आली, गेर निघाली, रंगून परतली, आणि मी दुपारी खिचडी खाऊन झोपले. उठून पाहिलं तर अकरा मिस्ड कॉल.

आज त्याला चार दिवस झाले आणि सगळ्यांचा सूर असा, की मी गाडी चुकवलीय.

मला एक सांगा, ही तारीख म्हणजे काय असते, हे कुणी कधी विचारलंय? शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस. संपलं. नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावाने तो हिशेब चालतो, एकोणिसाव्या शतकापासून: तीन महिने मागे जा, सात दिवस पुढे या. म्हणजे नऊ महिने सात दिवस. आपल्या आज्या नऊ महिने नऊ दिवस म्हणायच्या, दोनच दिवसांचा फरक, त्यांचं मला जास्त कौतुक वाटतं. आणि या २८०मधले पहिले दोनेक आठवडे तर पोटात कुणी नसतंच! शिवाय हा हिशेब २८ दिवसांच्या पाळीचा. माझी पाळी ३५-३६ दिवसांची. म्हणून बाराव्या आठवड्यात सोनोग्राफीत बाळाची लांबी मोजली आणि डॉक्टरांनी तारीख आठ दिवस पुढे सरकवली. तरीसुद्धा तो अंदाजच. शंभरातली चार-पाच बाळं ठरल्या तारखेला येतात, बाकीची आधी नाहीतर नंतर. पहिलटकरणीचं बाळ जरा उशिराच येतं बहुतेक वेळा.

हे मी सासूबाईंना तीनदा समजावलं. त्या ऐकून घेतात, "हो का" म्हणतात, आणि जुन्याच तारखेपासून मोजतात. त्यांच्या हिशेबाने माझे बारा दिवस वर गेलेत. बारा! आणि हा आकडा त्या सगळ्या देवासला सांगत सुटल्यात.

मूळ नक्षत्राची गंमत ऐका. परवा मूळ होतं. त्याच्या आदल्या संध्याकाळपासून फोन एकदम बंद. मला वाटलं, चला, लोकांना अक्कल आली. कसली अक्कल! सगळे देव पाण्यात घालून बसले होते, की आत्ता होऊ नये, मुळावर होऊ नये. मावशीने तर आईला विचारलं, "थोडं थांबवता येतं का गं?" थांबवता! इतके दिवस मी ओढून आणत नाही म्हणून माझा उद्धार, आणि त्या दिवशी पाय जुळवून बसायची अपेक्षा. मूळ संपलं आणि काल सकाळी फोन पुन्हा सुरू. आता नवीन फर्माईश आहे: अमावास्या टळू दे, पाडव्याला होऊ दे, गुढी आणि बाळ एकदम. पाडव्याला अजून सात दिवस आहेत, काकू. मी गर्भवती आहे, हलवाई नाही.

उपायांचं तर बोलूच नका. एरंडेल घे. (डॉक्टरांनी स्पष्ट नाही सांगितलंय. कळांचं माहीत नाही, जुलाब मात्र हमखास.) गरम दुधात तूप घाल. जिऱ्याचं पाणी पी. उकिडवी बसून फरशी पूस, आमच्या वेळी आम्ही दळण दळत होतो. समोरच्या आंटींनी खजराना गणपतीच्या प्रदक्षिणा सांगितल्या, वर निदानही करून टाकलं: "लड़का है, लड़के आलसी होते हैं." तुमच्याच घरातले दोन पाहता पटतं, आंटी, पण हे पोटाच्या आकारावरून ओळखणं आता पुरे.

हे सगळं मी हसून नेलं असतं. खरंच. पण काल रात्री एक लांबची वहिनी फोनवर म्हणाली, "जपून हं, आमच्या ओळखीत एकीचे असेच दिवस वर गेले आणि आतलं पाणी सुकलं." पुढे काय झालं तेही सांगितलं. मी ते इथे लिहिणार नाही. तिने दोन मिनिटांत सांगितलं आणि "चल, कुकर झाला" म्हणून ठेवून दिलं.

तिचा कुकर झाला. मी रात्री एक वाजता डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजत होते. दोन तासांत दहा लागल्या पाहिजेत, असं मला सांगितलेलं आहे. सात पटकन लागल्या. आठवी लागली. मग काही नाही. पंखा फिरतोय, आई शेजारी घोरतेय, आणि मी पोटावर हात ठेवून श्वाससुद्धा दाबून घेतलेला, कारण माझ्या श्वासाने हललं की त्याने, ते कळेना. नववी आली तेव्हा मी रडायलाच लागले. दहावी लाथ बरगडीत बसली, कचकून. घड्याळात पाहिलं तर सगळं मिळून पस्तीस मिनिटं झाली होती फक्त. मला दोन रात्री वाटल्या. वहिनी, तुझ्या त्या कुकरात काय होतं कोण जाणे, मला त्या वरणाचा राग येतोय.

आणि कुणाला वाटत असेल की आम्ही देवावर हवाला ठेवून बसलोय, तर तसं नाही. एक दिवसाआड जाऊन पोटाला पट्टे बांधून बाळाचे ठोके बघतात, गर्भजल मोजतात. दोन्ही उत्तम आहे. ४१ आठवडे पूर्ण झाले की दाखल व्हायचं, कळा सुरू करायचं औषध देतील, कारण त्यानंतर वाट बघण्यातला धोका हळूहळू वाढत जातो. म्हणजे अजून तीन दिवस. हे ठरलेलं आहे, डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. तरी अर्धे सांगतात सिझरच करून टाक, मुहूर्त तरी साधेल. अर्धे म्हणतात सिझर करू देऊ नकोस, पैसे उकळतात. दोन्ही पक्ष एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहेत, आपापसात बोलत का नाहीत?

आणि तो शब्द! मोकळी झालीस का. मला माहितीये, प्रेमाचा शब्द आहे, पिढ्यान्‌पिढ्या बायका बायकांना विचारत आल्यात. आजी विचारायची तेव्हा तिच्या मनात आधी ती बाई असायची, सुटली का बिचारी, जिवावरचं गेलं का. आता विचारतात तेव्हा उत्तरात माझं काहीच नको असतं. चाळीस आठवडे आणि चार दिवस झाले, पाठ कशी आहे, झोप लागते का, भीती वाटते का, हे आजच्या सात फोनांपैकी एकानेही विचारलं नाही.

बाबा काहीच विचारत नाहीत. दहा दिवस झाले, गाडी फाटकाकडे तोंड करून लावलेली असते, टाकी भरलेली. सकाळी पोहे आणतात, वरून घालायचा जिरावण मसाला वेगळ्या पुडीत, मला जळजळ होते म्हणून. माझ्याकडे बघतात, मी मान हलवते, ते पेपर उघडतात.

उद्या दहाला पट्टे बांधायला जायचंय. फोन आईकडे देऊन ठेवणार आहे. तिला सांगितलंय, कुणीही विचारलं तरी एकच उत्तर: ती झोपलीय.