मांगातले हिरो 'नाही' ऐकून घेतात का?

(स्पॉयलर भरपूर आहेत. 'अटॅक ऑन टायटन' अर्धवट वाचली असेल तर इथेच थांबा.)

मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स. त्यातल्या 'वन पीस'चा हिरो लुफी म्हणजे स्वातंत्र्य, 'अटॅक ऑन टायटन'चा हिरो एरेन म्हणजे स्वातंत्र्याचं वेड, अशी वाक्यं फॅन मंडळी सहज फेकतात. माझ्या मते एखादं पात्र स्वातंत्र्यावर किती बोलतं याला शून्य किंमत आहे. समोरचा 'नाही' म्हणाला की ते काय करतं, तेवढंच बघायचं.

खलनायकांचं सोपं असतं. 'नारुतो'मधला मादारा अख्ख्या जगाला गोड स्वप्नात झोपवायला निघतो आणि कुणालाही विचारत नाही. पण हिरो नारुतो तरी कुठे विचारतो? त्याचा मित्र सासुके स्वतःच्या मर्जीने गाव सोडतो, तर हा म्हणतो, हातपाय मोडावे लागले तरी तुला परत नेणार. सासुके ज्याच्याकडे चालला होता त्या ओरोचिमारूला त्याचं शरीर बळकवायचं होतं, त्यामुळे काळजी खरी होती, मान्य. तरीही घर सोडून गेलेल्या मुलीच्या मागे तिचा भाऊ हेच बोलत निघाला असता, तर आपण डोळे पुसले असते का?

आता लुफी, समुद्री चाच्यांचा कप्तान. 1997 पासून चाललेल्या 'वन पीस'मध्ये तो सरळ सांगतो की त्याला राज्य वगैरे काही करायचं नाही. समुद्रावर सगळ्यात मोकळा माणूस तोच पायरेट किंग. बोलायला छान आहे. पण गडी नकार ऐकतो कुठे? स्वयंपाकी सांजी 'तुझ्या जहाजावर येणार नाही' म्हणतो, तर लुफी म्हणतो, तुझा नकार मला नामंजूर. जहाज बांधणाऱ्या फ्रँकीला आपल्या टोळीत आणायला तर त्याची चड्डी पळवतात! यात लेखक ओडांची एक चलाखी आहे. या सगळ्यांना मनातून जायचंच असतं, त्यामुळे लुफीचा हट्ट कधी खोटा पडत नाही. टोळीतल्याच रॉबिनचं प्रकरण वेगळं. ती 'मला मरू द्या' म्हणते ते बस्टर कॉलच्या, म्हणजे सरकारी नौदलाच्या सरसकट हल्ल्याच्या धाकाने, मित्रांचे जीव वाचवायला. धाकदपटशाने काढून घेतलेला नकार लुफी मानत नाही. आधी जागतिक सरकारचा झेंडा जाळायला लावतो आणि मग तिच्याच तोंडून 'मला जगायचंय' वदवून घेतो. इथे मी पूर्ण त्याच्या बाजूने.

खरी कसोटी विवीची. अलाबास्टाची राजकन्या, सगळ्यांची लाडकी. आमच्यासोबत यायचं असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला पूर्वेच्या बंदरावर ये, एवढंच तिला सांगितलेलं. ती येते, पण मला माझा देश आवडतो, मी येऊ शकत नाही, असं सांगायला. हा मनापासूनचा नकार, आत कुठे होकार दडलेला नाही. त्यानंतरचं पान मला फार आवडतं. सगळे डेकवर रडवेले होऊन लोळतायत. टोळीतला झोरो वैतागून म्हणतो, एवढं होतं तर ओढून आणायची होती. आणि सगळे त्याच्यावरच तुटून पडतात, रानटी कुठला! स्वातंत्र्यावर एक शब्दही न बोलता ओडा इथे लुफीला पास करतात.

एरेन इथेच नापास होतो. त्याचे लेखक इसायामांनी त्याला सुंदर वाक्यं दिली आहेत. टायटन, म्हणजे महाकाय राक्षस, घडवत दोन हजार वर्षं हुकूम पाळणाऱ्या यमिरला तो सांगतो, तू गुलाम नाहीस, देवही नाहीस, साधी माणूस आहेस, तूच ठरव. आणि तिच्याकडून मिळालेली ताकद वापरून जगातली ऐंशी टक्के माणसं चिरडतो. मित्रांना म्हणतो, तुम्ही मोकळे आहात, अडवायचं असेल तर अडवा. शेवटच्या प्रकरणात कळतं की त्यांनी आपल्याला अडवून जगासमोर हिरो ठरावं, हाही त्याचाच बेत होता. शिवाय प्रत्येकाला गाठून तो बोललेला असतो आणि ते बोलणं त्यांच्या आठवणीतून पुसून टाकलेलं असतं, स्वतः मरेपर्यंत. ज्यांच्यापासून काहीच हिरावणार नाही म्हणाला, त्यांच्या डोक्यातच हात घातला की! मादारापेक्षा हे कुठे वेगळं, ते एरेनभक्तांनी मला समजावून सांगावं.

त्याला खरा नकार देते ती त्याच्यावर जीव लावणारी लहानपणची मैत्रीण मिकासा. मी गेल्यावर मी दिलेला मफलर टाकून दे, मला विसर, असं तो सांगतो. ती म्हणते, माफ कर, नाही जमणार. तोच मफलर गुंडाळून ती त्याचं डोकं उडवायला जाते. आणि स्वातंत्र्याचा हा महामेरू मित्र आर्मिनजवळ काय रडगाणं गातो? तिने दुसऱ्या कुणाकडे बघू नये, निदान दहा वर्षं तरी माझ्याच आठवणीत झुरावं!