मुकुट वाकडा झाला तरी चालेल, कात्री मुलांच्या हातात द्या

आषाढी तोंडावर आली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते: "विठ्ठलाचा ड्रेस भाड्याने कुठे मिळेल?" गेल्या वर्षी भाच्याच्या बालवाडीच्या दिंडीसाठी मीही आणला होता. सोनेरी चकचकीत मुकुट, त्याला जाड रबर. चार वर्षांचं पोर दिंडीभर तो मुकुट दोन्ही हातांनी सावरत चाललं होतं. घरी येऊन बघते तर हनुवटीखाली लालभडक वळ. फोटो सुरेख आले. त्याला विचारलं, "काय रे, विठ्ठल झालास ना?" तर म्हणाला, "टोचत होतं."

ते मनातून गेलं नाही. म्हणून यंदा दिंडीच्या आधीच्या रविवारी आमच्या जिन्यातली चार पोरं गोळा केली आणि गॅलरीत सतरंजी टाकली. सामान सगळं घरातलंच: जुनं कॅलेंडर, पिवळा कार्डशीट, साठलेल्या लग्नपत्रिका, सुती दोरा, बिनटोकाच्या कात्र्या. डिंकाऐवजी खळ केली. एक चमचा मैदा अर्ध्या वाटी पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळायचा. जुने बायंडर खळीला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायचे. ते विषारी असतं, मुलांसोबत अजिबात नको. खळ त्या दिवशीची त्या दिवशी संपवायची.

आधी डोक्याचं माप. दोरा कपाळावरून फिरवला, पट्टीवर ठेवला: पन्नास सेंटिमीटरच्या आसपास. ए-फोर कार्डशीटमधून कापलेली पट्टी लांबीला 29.7 सेंटिमीटर भरते. म्हणजे एक पुरणार नाही, हे मला दिसत होतं. मी बोलले नाही. भाच्याने पट्टी डोक्याला लावली, मागे फट राहिली. "पुरत नाही!" मी गप्प. त्याने पट्टी ओढून पाहिली, फाटली. मग बाजूच्या मुलीने न बोलता दुसरी पट्टी पुढे सरकवली, आणि दोघांनी मिळून जोड दिला. त्या क्षणी त्याचा जो चेहरा फुलला, तो भाड्याच्या मुकुटाखाली मी एकदाही पाहिला नव्हता.

तुळशीच्या माळेत तर दुपार सरली. कॅलेंडरच्या पानाचे लांब त्रिकोण कापायचे, बूड दोन सेंटिमीटर, लांबी वीसेक. रुंद बाजू रिफिलीवर धरून गुंडाळत न्यायचं आणि निमुळत्या टोकाला खळीचं बोट लावायचं. रिफिल ओढून काढली की मध्ये फुगीर, कडांना निमुळता मणी हातात येतो. एका मण्यावर एकादशीचा आकडा आला, एकावर गॅसच्या नोंदीतलं आजीचं अक्षर. मकरकुंडलं म्हणजे पिवळे मासे. कानाला टोचू नयेत म्हणून दोऱ्याचा सैल फास कानावरून अडकवला. भाच्याच्या माशाला तीन डोळे आहेत. शेजारच्या मुलीला रखुमाई नको होती, विठ्ठलच व्हायचं होतं. झाली.

मला कळकळीने बोलायचंय ते आपल्या मोठ्यांविषयी. संध्याकाळी एक बाबा न्यायला आले आणि "आण इकडे, मी सरळ कापून देतो," म्हणत मुलाच्या हातातली कात्री घेतली. मनात प्रेमच होतं. पण मुलगा उठून खेळायला निघून गेला. मुकुट बाबांचा झाला. आपण सगळे हे करतो. वाकडी कड आपल्या डोळ्यांना खुपते, मुलाला ती त्याची कड वाटते. शाळांनाही हात जोडून सांगणं आहे: वेशभूषेचं बक्षीस झगमगाटाला देऊ नका. मुलाला फक्त विचारा, "हे कसं केलंस?" पाच मिनिटं बोलत राहील.

कागदाचा साज आपल्याला काही परका नाही. लग्नातली कागदाची आणि बेगडीची बाशिंगं आठवा. जव्हारकडे बोहाडा या आदिवासींच्या उत्सवातले देव-दानवांचे मुखवटे कागदाच्या लगद्याचे करतात, आणि ते चढवले की नाचणारा माणूस देवच होतो. थर्माकोलवर राज्यात 2018 साली बंदी आली, तेव्हा "आता सजावट कशाची करायची?" असं विचारणाऱ्यांना मला हेच सांगावंसं वाटलं होतं.

पावसाची धास्ती होती, म्हणून पोरांनी मुकुटांवर मेणबत्ती घासली होती, कोपरा न् कोपरा. दिंडीच्या दिवशी सर आलीच. थेंब मेणावरून ओघळत होते. एका मुकुटाचा जोड सुटला, तर पोराने तो कडेला थांबून हाताने दाबून धरला आणि पुन्हा रांगेत शिरलं. रडलं नाही. कुठे काय चिकटवलंय ते त्याला ठाऊक होतं.

आता गोकुळाष्टमीचं चाललंय. मोरपीस निळ्या-हिरव्या लग्नपत्रिकांचं करायचं ठरलंय, बासरी वर्तमानपत्राच्या सुरळीची. येत्या रविवारी चार वाजता, आमच्याच गॅलरीत. आसपासच्यांनी मुलांना जरूर पाठवा, घरातल्या जुन्या पत्रिका घेऊन. आईबाबांनाही चहा आहे, फक्त कात्रीला हात लावायचा नाही.