मुंडी कुकरला का लावू नये: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अभ्यासासाठी बोकडाची कवटी पाण्यात कुजवून साफ करण्याच्या लेखावर तुमचा आक्षेप असा की, तीन आठवडे घाण वास सोसण्यापेक्षा कुकरच्या चार शिट्ट्या आणि रात्रभर ब्लीचिंग पावडर, की काम झालं. शिवाय लेखातलं हायड्रोजन पेरॉक्साइड हेही ब्लीचच, मग फरक काय?

वासाबद्दलचं तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. फ्लॅटच्या बाल्कनीत हे काम करूच नये; गच्ची किंवा परसदार हवं आणि बादलीला झाकण हवं. कुकरला मात्र माझा ठाम विरोध आहे.

हाड चिवट राहतं ते कोलॅजेन या त्यातल्या प्रथिनामुळे. पाया सूप गार झाल्यावर थिजतं, तेही याच कोलॅजेनचं जिलेटिन झाल्यामुळे. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणजे हाडातल्या कोलॅजेनचंही तेच होतं. त्यात चरबी वितळून हाडात खोल मुरते आणि दातांना चिरा जातात. खाटकाकडची मुंडी बहुधा कोवळ्या जनावराची असते, त्यामुळे कवटीचे सांधे सुटतात. नाकातली कागदासारखी पातळ हाडं तर तुकडे होऊनच बाहेर येतात.

बोकडाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खाली आठ असतात. त्यांतले दुधाचे किती आणि कायमचे किती, यावरून वय कळतं. ते मोरीत वाहून गेले की पुरावाच गेला. कुजवतानाही ते गळतात, म्हणून खालच्या जबड्याची प्रत्येक बाजू वेगळ्या नायलॉन मोज्यात बांधायची आणि पाणी गाळूनच ओतायचं.

तीन आठवडे जास्त वाटत असतील तर मत्स्यपेटीचा हीटर लावून पाणी ३०-३५ अंशांवर ठेवा. बदलताना निम्मंच पाणी बदला. काम बॅक्टेरिया करतात. सगळं पाणी फेकलं किंवा साबण घातला की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. शिंगांची खोळं सैल झाली की पिळून काढा आणि बाजूला ठेवा. त्यांना पेरॉक्साइड लावायचं नाही, रंग उडतो.

तुमच्या कृतीत चरबी काढण्याची पायरीच नाही, आणि माझ्या मते खरी गडबड तिथे आहे. कुजवणं संपल्यावर भांडी घासायचा द्रव साबण घातलेल्या साधारण ४० अंशांच्या पाण्यात कवटी बुडवायची आणि पाणी गढूळलं की बदलायचं. याला काही आठवडे लागतात. ही पायरी गाळली तर पांढरीशुभ्र कवटी पहिल्याच उन्हाळ्यात पिवळी आणि तेलकट होते.

आता ब्लीच. ब्लीचिंग पावडरमधलं हायपोक्लोराइट कोलॅजेनच नष्ट करतं, आणि धुतल्यावरही सच्छिद्र हाडात त्याचा अंश राहतो. पुढे हाताला पांढरी भुकटी लागते, कडा झिजतात. शेळी आणि मेंढी वेगळी ओळखायला सांध्यांजवळचे बारीक उंचवटे पाहावे लागतात. तेच झिजले तर हाड अभ्यासाच्या कामाचं उरत नाही. पेरॉक्साइडचं विघटन होऊन पाणी आणि ऑक्सिजनच उरतो. औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड तेवढ्याच पाण्यात मिसळा, हातमोजे घाला, प्लॅस्टिकच्या भांड्यात एक दिवस ठेवा. झाकण घट्ट लावू नका, वायूच्या दाबाने भांडं फुटू शकतं. जास्त दिवस ठेवलं तर तेही हाड खातं, एवढं तुमचं म्हणणं मान्य.

ब्लीच केलेली कवटी तुमच्याकडे असेल तर टाकू नका. आठवडाभर रोज पाणी बदलत साध्या पाण्यात ठेवा, मग सावलीत वाळवा. वाळल्यावर पिवळट, अर्धपारदर्शक डाग दिसले तर ती चरबी आहे. साबणाच्या कोमट पाण्यापासून सुरुवात करा.