हवा दिसत नाही, पण रेणू लहान असतात म्हणून नव्हे

मुंबईतल्या बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'हवेचे रेणू फार लहान, म्हणून हवा दिसत नाही, थंडीत ती जड होते आणि धुरकट दिसू लागते.' यातली दोन्ही कारणं चुकीची आहेत.

नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणूही इवलासाच, तरी तो वायू तांबूस तपकिरी दिसतो, कारण तो निळा प्रकाश शोषून घेतो. हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन आणि 21 टक्के ऑक्सिजन. आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश हे दोन्ही वायू जवळपास शोषतच नाहीत आणि अगदी थोडाच विखुरतात. वारा म्हणजे हीच हवा, वाहती. म्हणून आपल्याला पानं हलताना दिसतात, वारा नाही.

तरीही हवेची चाहूल डोळ्यांना लागते. गिरगाव चौपाटीवर पावभाजीच्या तापलेल्या तव्यावरून पलीकडचे दिवे बघा, थरथरताना दिसतील. गरम हवा विरळ असते, तिच्यातून येताना प्रकाश किंचित वाकतो. आणि आकाशाचा निळा रंग तर हवेच्या रेणूंनीच विखुरलेला प्रकाश आहे; फक्त त्यासाठी कित्येक किलोमीटर जाडीचा थर लागतो.

मरीन ड्राइव्हवरून मलबार हिल पुसट करणारा तो धुरकटपणा मात्र हवेचा नाही. तो धूळ, धूर आणि बाष्प धरून फुगलेल्या कणांचा. थंडीत वारा मंदावला की ते खालीच साचतात. त्यातले 2.5 मायक्रोमीटरहून बारीक कण थेट फुफ्फुसात खोलवर जातात.