भेग असतानाच भरा

सकाळी आपल्या ग्रुपवर तो मेसेज आला. इथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या विमानतळाने धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे पैसे घेऊ नयेत, शहराच्या कौन्सिलला तसं कळवा, खाली सह्या करा. 'श्रीमंतांच्या खेळण्यांसाठी आपला टॅक्स कशाला?' आणि त्याखाली अकरा अंगठे. अकरा! त्यातले सहा जण माझ्या घरी जेवून गेलेत. मी तिथे काही लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं. आता दुपार झालीय, मुलं शाळेत आहेत, आणि राग अजून तसाच आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे चार महिने होते. तुमच्यापैकी बरेच जण त्यांना भेटलात. बांधकाम खात्यात रोड कारकून म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. मेढा, केळघर घाट, महाबळेश्वरची बाजू. जिथे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे डांबरी रस्ता जिवंत ठेवायचा, हे त्यांचं काम. इथे त्यांना करमेना. टीव्ही नको, मॉल नको. सकाळी उठून गोल्फ कोर्सच्या कडेने विमानतळाच्या कुंपणापर्यंत चालत जायचे आणि नाश्त्याला परत यायचे.

एक दिवस आलेच नाहीत. दोन तास झाले. फोन घरीच ठेवून गेलेले. मी गाडी काढली, तर हे कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभे. आत विमानं उभी करायच्या जागेवर चार-पाच माणसं काम करत होती. एक जण हवेच्या दाबाने डांबरातली भेग साफ करतोय, दुसरा मागून तीत गरम डांबर ओततोय. बाबांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "वास आला म्हणून थांबलो," म्हणाले. "अगं, भेग असतानाच भरतायत. खड्डा व्हायची वाट बघत नाहीत."

त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो. हेवा होता त्यात. सबंध नोकरीत बाबा एप्रिलमध्ये वर लिहायचे की भेगा भरायला पैसे द्या, पाऊस तोंडावर आलाय. पैसे यायचे दिवाळीनंतर, खड्ड्यांसाठी. तोवर पाणी आत शिरून खालची खडी, मुरूम सगळं मऊ झालेलं असायचं आणि जे काम डबाभर डांबरात झालं असतं त्याला नवा रस्ता करावा लागायचा. मधल्या काळात घाटात गाड्या घसरायच्या. त्या गाड्यांमधली माणसं बाबांना नावानिशी आठवायची.

आता त्या मेसेजकडे येते.

'आपला टॅक्स' कुठला? लिव्हरमोरचा विमानतळ शहराच्या मालकीचा आहे, पण त्याचं खातं वेगळं आहे. विमानं ठेवायच्या हँगरचं भाडं, इंधन, जागेचं भाडं यांवर तो चालतो. बागा, पोलिस, लायब्ररीचा पैसा त्यात जात नाही. आणि मोठं काम निघालं की अशा लहान विमानतळांना फेडरल निधीतून शंभरातले नव्वद किंवा थोडे जास्तच डॉलर मिळतात. तो निधी भरतं कोण? विमानाच्या देशांतर्गत तिकिटावर साडेसात टक्के कर असतो, तो आपणच देतो, शिकागोला मावशीकडे जाताना. शिवाय हीच लहान विमानं उडवणारे प्रत्येक गॅलन इंधनावर कर भरतात. हे पैसे नाकारले तर ते आपल्या मुलांच्या शाळेत येणार नाहीत. दुसऱ्या कुठल्या तरी विमानतळाच्या धावपट्टीवर जातील. एवढं तरी अंगठा दाबायच्या आधी विचारायचं होतं.

आपली मोठी धावपट्टी ५,२५३ फूट आहे, म्हणजे १,६०० मीटर. बाबांनी ते मनात किलोमीटरमध्ये मांडलं आणि म्हणाले, "एवढासा रस्ता. हा सांभाळता येत नसेल तर काय सांभाळणार?" मग स्वतःच म्हणाले, की पण ह्याच्यावर खडा सुटा होऊन चालत नाही. आपल्या रस्त्यावर खडा उडला तर काच फुटते, इथे तो पंख्यात जाणार. त्यांना विमानातलं काही कळत नव्हतं, त्यांना डांबर कळत होतं, आणि तेवढ्यावर त्यांनी बरोबर सांगितलं. सुटे खडे हीच धावपट्टीवरची मोठी भीती असते. मुंबईची धावपट्टीसुद्धा पावसाळ्याच्या आधी आणि नंतर दिवसाचे काही तास बंद ठेवून दुरुस्त करतात. पुण्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये लोहगावचा विमानतळ चौदा दिवस बंद होता, कारण धावपट्टीचा पृष्ठभाग नव्याने करायचा होता. तेव्हा हाच ग्रुप म्हणाला होता, झालं ते बरं झालं. मग इथेच काय झालं तुम्हाला?

हो, आवाज होतो. शनिवारी सकाळी शिकाऊ विमानं डोक्यावर गोल गोल फिरतात, मलाही नको वाटतं. लहान विमानांच्या इंधनातल्या शिशाचा मुद्दा तर खराच आहे, त्यावर मी भांडणार नाही. सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर काउंटीने २०२२ च्या सुरुवातीपासून शिसं असलेलं इंधन विकणं बंद केलं, तसं इथेही व्हावं, मी पहिली सही करीन. पण शिसं काढायला धावपट्टी फुटू द्यावी लागत नाही.

आणि ज्या मुद्द्यावर सगळा मेसेज उभा आहे तो असा, की फेडरल पैसे घेतले तर साधारण वीस वर्षं विमानतळ चालू ठेवण्याची बांधिलकी येते. येते. मान्य. रीड-हिलव्ह्यूने २०११ नंतर म्हणूनच अनुदान घेतलेलं नाही, २०३१ मध्ये मोकळं व्हायला. सँटा मोनिका शहराने २०१७ मध्ये सरकारशी तडजोड केली, धावपट्टी जवळपास पाच हजार फुटांवरून साडेतीन हजार केली, आणि २०२८ संपल्यावर तो विमानतळ बंद करायचा हक्क मिळवला. मला ते पटत नाही, पण त्यांनी निदान तोंडावर सांगितलं की आम्हाला हा नको. तुम्हीही तसं सांगा. 'आम्हाला बंद करायचाय' असं लिहा आणि त्यावर सह्या मागा. दुरुस्तीचे पैसे अडवायचे, डांबर फुटू द्यायचं, आणि पंधरा वर्षांनी 'बघा, किती धोकादायक झालाय, आता बंदच करा' म्हणायचं, हे मी मेढ्याला पाहिलंय. एसटीच्या एका फाट्यावरचा रस्ता असाच मारला. आधी डागडुजी थांबवली, मग रस्ता वाईट म्हणून गाडी थांबवली, मग प्रवासी नाहीत म्हणून रस्ता सोडून दिला. त्या फाट्यावरच्या मुलींची शाळा सुटली.

तुम्ही म्हणाल, इथे कुठे कुणाची शाळा सुटते. ठीक आहे. पण २०२० चा ऑगस्ट विसरलात? कोरड्या विजा पडल्या आणि आपल्या दक्षिणेचे डोंगर पेटले, जवळजवळ चार लाख एकर. खिडक्यांना ओले टॉवेल लावून बसलो होतो. आगीवर औषध टाकणाऱ्या विमानांचा एक तळ हॉलिस्टरला आहे, आणि तो विमानतळही त्या गावाच्याच मालकीचा आहे. त्या गावातही कुणीतरी म्हणत असेल, खेळणी आहेत श्रीमंतांची. विमानतळ इथे १९६५ साली आला. आपली घरं नंतर आली, माझंही.

इतकं लिहिल्यावर जरा निवळलेय. त्या मेसेजवालीवर माझा राग नाही, खरंच नाही. तिच्या घराच्या अगदी वरून विमानं जातात आणि तिचं बाळ सहा महिन्यांचं आहे. तिने मला फोन केला असता तर मी तिच्यासोबत रात्रीच्या उड्डाणांबद्दल तक्रार लिहायला बसले असते. अजूनही बसेन.

बाबा २०२१ मध्ये गेले. परत जायच्या आदल्या दिवशी मला घेऊन ते पुन्हा त्या कुंपणाशी गेले होते. काम करणारी माणसं तेव्हा नव्हती. भरलेल्या भेगा मात्र दिसत होत्या, करड्या डांबरावर काळ्याभोर रेघा, वाकड्यातिकड्या. बाबांनी त्या जाळीतूनच मोजल्या. एकोणीसपर्यंत मोजून थांबले आणि म्हणाले, "चल, चहा टाक."

पुढच्या कौन्सिलच्या बैठकीत मी बोलणार आहे. तीन मिनिटं देतात. माझ्या गाडीत तीन जागा आहेत, ज्यांना यायचंय त्यांनी मला मेसेज करा. त्या अकरांपैकी कुणी आलं तरी चालेल.